समुद्रकाठची दिनूची खाट

ओसरीवरची ती खाट मला आधी आठवते, समुद्र मागाहून. सुरूच्या बनातून वारा आला की तिच्यावर घातलेली पांढरीशुभ्र चादर मधोमध फुगे, हलकेच खाली बसे, पुन्हा फुगे... झोपेत कुणी कूस बदलावी तशी. उशाशी पितळेचा तांब्या, त्यावर उपडा घातलेला पेला, पायथ्याशी घडी करून ठेवलेली मऊ दुलई. आणि कठड्यापलीकडे ओल्या काळ्या वाळूचा अफाट पसारा, ओहोटीनं दूर मागे हटलेला राखाडी समुद्र. त्या खाटेवर कुणी निजलेलं नव्हतं. ती दिनूची खाट होती, आणि दिनू माघातच गेला होता.

आम्ही देवासचे. नाना, म्हणजे माझे वडील, थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या शाखेच्या राजांच्या दरबारात कारकून होते; संस्थानं विलीन झाल्यावर त्याच कचेरीत, त्याच टेबलाशी, पण नव्या पाटीखाली बसू लागले. घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. दिनू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो की तो मला कठड्याशी उभं करी आणि खाली पसरलेल्या गव्हाच्या शेतांकडे बोट दाखवी. वाऱ्याची एक झुळूक यायची आणि सगळं शिवार या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकत, उजळत, काळवंडत जायचं... "समुद्र असाच असतो," तो म्हणे, जसा काही कालच बघून आला आहे. आणि मग स्वतःच्याच थापेवर एवढ्या मोठ्यानं हसे की पुजारी वळून बघत.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला बारीक ताप येऊ लागला, तो हटेना. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, समुद्राची हवा द्या, पोराला मानवेल. नानांच्या एका स्नेह्यानं गुजरातेतल्या बलसाडजवळच्या समुद्रकाठच्या एका घराचा पत्ता दिला. मणीबेन नावाच्या विधवा बाई ते घर चालवीत. स्टेशनावरून न्यायला त्यांचीच बैलगाडी, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, सकाळ-संध्याकाळचा चहा, अंघोळीचं ऊन पाणी, आजाऱ्याचं पथ्य, सगळं त्यांच्याकडे. माणसानं फक्त जायचं आणि समुद्राकडे बघत बसायचं. आम्हांला ते स्वर्गाचं वर्णन वाटे. दिनू अंथरुणातून पुन्हा पुन्हा विचारी, "नाना, खोलीतून दिसतो का हो समुद्र?" नानांनी लिहून कळवलं होतं: नवरा-बायको, तीन मुलं, त्यांतलं एक आजारी, त्याची खाट समुद्राच्या बाजूला असावी.

जायचा दिवस उगवण्याआधीच तो गेला. बाराव्या-तेराव्याचे दिवस सरले, घरातली पाहुणेमंडळी पांगली, आणि माईनं, माझ्या आईनं, बोलणं टाकलं. चुलीपुढे बसे ती बसूनच राही; दूध उतू जाऊन जळल्याचा वास घरभर पसरे, तरी तिला कळत नसे. एका सकाळी नाना कचेरीला निघाले तेव्हा तिनं मान वर केली.

"ते समुद्राचं ठरवलं होतंत ना, तिथं जाऊ या."

"आता कशाला?" नाना म्हणाले.

"जाऊ या," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिनं काही मागितलेलं ते पहिलंच. मग नानांना नाही म्हणवेना.

रतलामला गाडी बदलून, कोळशाचे कण डोळ्यांत घेत, आम्ही फाल्गुनातल्या एका दुपारी बलसाडला उतरलो. मी, नाना, माई आणि धाकटा मधू. तो चार वर्षांचा होता. मणीबेनचा म्हातारा गाडीवान छगनकाका गाडी जुंपून उभाच होता. बैलांच्या गळ्यांत घुंगरांच्या माळा. वाटेवर चिकूच्या बागा, ताडांची रांग, आणि हवेत एक अनोळखी, खारट, थोडासा कुजका, तरीही पुन्हा पुन्हा छातीत भरून घ्यावासा वाटणारा वास... मधू नानांच्या मांडीवर उभा राहून ओरडला, "नाना, केवढा मोठा तलाव!"

मणीबेन फाटकाशीच आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेल्या. त्यांनी आम्हां दोघांच्या गालांवरून हात फिरवला, गाडीत डोकावून पाहिलं.

"आवो, आवो बेन. और वो बीमार छोकरा किधर है?"

नानांनी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी माईच, शांतपणे, उन्हाळ्याची हवा सांगावी तशा स्वरात म्हणाली, "वो पीछे से आ रहा है. उसके मामा के साथ."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. मग वाकून त्यांनी वळकटी उचलली.

अशी ती खाट मांडलेलीच राहिली. मणीबेन रोज तिची चादर झटकत, तांब्यात ताजं पाणी भरत. दिवेलागणीला खजूर घालून आटवलेलं दूध खाटेजवळच्या चौरंगावर झाकून ठेवत. मूल प्रवासातून दमून येईल, आल्या-आल्या पोटात काही जावं, म्हणून. संध्याकाळी छगनकाका स्टेशनावर जाई. माई फाटकापाशी उभी राही. घुंगरांचा आवाज ताडांमागून ऐकू येऊ लागला की तिची मान ताठ होई, ओठ किंचित विलग होत... गाडी वळण घेई. कधी सुरतेचे पाहुणे, कधी नुसतीच भाजीची टोपली. छगनकाका लांबूनच हात हलवून नाही म्हणे.

"आज नहीं आया. कल आवशे," मणीबेन म्हणत, आणि माई म्हणे, "हां, कल."

नाना तिला सांगत होते. मी ऐकलं आहे. "अगं, असं करू नको. मुलं ऐकताहेत." तिला रागावावं इतकी ती वेडीवाकडी वागतही नव्हती. वेणी घालायची, आम्हांला आग्रह करकरून वाढायची, मणीबेनशी खिचडीच्या फोडणीबद्दल बोलायची. देवासला चुलीपुढे दगड होऊन बसलेली माई इथं हालत-बोलत होती; आणि ती कशाच्या जोरावर, हे कळत असल्यामुळे नानांची जीभ अडत असावी.

आणि खरं सांगायचं तर... मीही वाट पाहू लागले होते. दिनूला नेलं तेव्हा मी दारातच होते, मला सगळं ठाऊक होतं. तरी घुंगरं वाजली की हातातलं टाकून मी फाटकाकडे बघे. दिवसा आम्ही वाळूत खोपे करायचो, शिंपले वेचायचो, मणीबेनच्या अंगणातल्या लाकडी झोपाळ्यावर कड्या करकरेस्तोवर झोके घ्यायचो; पण ओसरीवरून जाताना मी खाटेपासून लांब, भिंतीला घासून जात असे. आपला पाय लागेल तर त्याची झोप मोडेल, असं वाटे.

चौरंगावरचं दूध सकाळी संपलेलं असे. मणीबेन म्हणत, मांजर असेल. पण रिकामा पेला माई स्वतः उचली आणि थोडा वेळ तसाच हातात धरून उभी राही.

एका सकाळी आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो. मधू उशिरा उठून आला, आणि कुणी काही न विचारताच म्हणाला, "दूध दिनूदादानं प्यायलं."

नानांचा कप बशीवर वाजला. माई एकदम पुढे सरकली. "तू पाहिलंस?"

"हो. इथं बसला होता, खाटेवर."

"काय म्हणाला? माझ्याबद्दल काही म्हणाला का रे?" तिचा तो आवाज मला अजून ऐकवत नाही. इतका अधीर, इतका लहान.

मधू तिच्याकडे बघत राहिला. तिला काय हवं आहे ते त्याला दिसत होतं, आणि ते कुठून आणावं हे कळत नव्हतं. "म्हणाला... म्हणाला, माईला सांग, मला बरं वाटतंय."

सकाळचं ऊन सरळ मधूच्या तोंडावर पडलं होतं, आणि त्याच्या वरच्या ओठावर सायीची पांढरी रेघ वाळून चिकटली होती. मला दिसली. नानांना दिसली. माईलाही दिसली. तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवलं, मधूची हनुवटी धरली आणि ती रेघ पुसली. पुसून झाली तरी ती पुसतच राहिली... हळूहळू, पुन्हा पुन्हा, मधू कुरकुरेपर्यंत. मग उठली, खाटेपाशी गेली, चादर एका हातानं बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून तीवर आडवी झाली.

ती दिवसभर निजली. माघापासून तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. नाना पायरीवर बसून मणीबेनना सगळं सांगत होते, खालच्या आवाजात, मोडक्या हिंदीत. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्या उठून अंगणात गेल्या आणि छगनकाकाला बैलांच्या गळ्यातल्या माळा काढायला लावल्या. त्या संध्याकाळी गाडी आवाज न करता गेली आणि आवाज न करता परत आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माई उठली. स्वतःच्या हातानं चादर झटकली, घडी घातली, दुलईवर ठेवली.

"मणीबेन," ती म्हणाली, "वो नहीं आएगा."

"जाणुं छुं, बेन," मणीबेन म्हणाल्या, आणि तिला जवळ घेतलं. तेव्हा माई रडली. माझ्या समजत्या वयात मी आईला मोठ्यानं रडताना पाहिलं ते तेवढंच. मग ती आम्हां दोघांचे हात धरून, आल्यापासून प्रथमच, पाण्यापर्यंत आली. घोट्याशी फेस फुटत होता, पायांखालची वाळू सरकत होती. कितीतरी वेळ समोर बघून ती म्हणाली, "एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं गं."

देवासला परतल्यावर शेजारीपाजारी चौकशीला आले. "कईं भिया, कसो लाग्यो समंदर?" समोरचे दुकानदार नानांना विचारीत. आणि नाना, पाटावर बसून, रंगून सांगत: जेवण घरच्यासारखं, हवा उत्तम, बाई देवमाणूस, कशाची म्हणून तोशीस नाही. "मुलाबाळांना घेऊन जायला फार सोयीचं ठिकाण," ते म्हणत. आतल्या खोलीत माई तांदूळ निवडत असे. तिच्या हातातलं सूप क्षणभर थांबे आणि पुन्हा चालू लागे.

नाना गेले, माई गेली. मणीबेनचं ते घर केव्हाच उरलं नसेल. मधू आता सत्तरी ओलांडून इंदूरला असतो. शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मराठी कुठं संपते ते त्यालाही कळत नाही. दिनूचं आजारपण, ती अंधारी खोली, औषधांचा वास, देवासमधला दिनू, यांतलं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. सख्ख्या भावाची त्याच्यापाशी एकच आठवण आहे, आणि ती तिथली आहे, जिथं दिनू कधी आलाच नाही.

"ताई, समुद्रावर दिनूदादा मेरा हाथ पकडके पळायचा ना?" दिवाळीला भेटलो की तो विचारतो. "लाट आली की मला उचलून घ्यायचा. याद है तुला?"

सुरुवातीला मी सांगणार होते. एकदा तर शब्द ओठांपर्यंत आले होते... पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि नाही सांगितलं. आता मी नुसतं हो म्हणते.

"केवढ्यानं हसायचा ना तो?" मधू म्हणतो.

"हो रे," मी म्हणते, "खूप मोठ्यानं हसायचा." आणि तेवढं तरी खरं आहे.