दिघाशीच्या खाणीतला ज्वालामुखी

दगडाच्या खाणीत हजेरी मांडायला बसलं की दोन गोष्टी साचतात: नाकात धूळ आणि डोक्यात किस्से. धूळ शिंकरून तरी निघते. सत्तर-पंच्याहत्तर सालातले हे किस्से काही निघत नाहीत.

*

भिवंडीतल्या एका शाळेचे भूगोलाचे सर रविवारी आमच्या खाणीत यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा! जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून तो उतू आला आणि थरावर थर बसले."

मुकादम यासीनभाई हसले. "क्या सर! भिवंडीत दिवाळीचा अनार धड उडत नाही, आणि ज्वालामुखी?"

*

पुढच्या रविवारी सरांनी गोटीसोड्याची बाटली आणली. "आत गॅस विरघळलेला आहे. वरून दाब आहे तोवर गप्प." त्यांनी गोटी दाबली. अर्धा सोडा त्यांच्याच शर्टावर! "लाव्हाचं असंच. दाब सुटला की बुडबुडे फुगतात आणि सगळं वर उसळतं."

मग त्यांनी बारीक भोकाभोकांचा दगड उचलून दाखवला. बुडबुडे त्यात तसेच थिजले होते.

आमचा सुरुंगवाला बाळाराम उरलेला सोडा पिऊन म्हणाला, "म्हंजे सर, ह्यो दगडाचा ढेकर हाय!"

*

कड्यात दोन काळ्या थरांमध्ये एक तांबडी पट्टी होती. सर म्हणाले, "पहिला लाव्हा निवला. मग कितीतरी काळ शांतता, वर माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली."

बाळाराम हसला नाही. "सुरुंगाचं बी तेच हाय सर. गप बसला म्हंजे विझला, असं न्हाय."

सुरुंगाच्या दारूनं आठ भोकं भरली तर आठ बार मोजायचे, ही खाणीची रीत. एक जरी बार कमी मोजला गेला तर कड्याकडे कुणी फिरकायचं नाही. मोजायचं बाळारामनं. बाकी सगळे आडोशाला, कानांत बोटं घालून.

*

आणि हा बाळाराम ठार बहिरा होता! बारांनीच त्याचे कान गेले होते. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. हे फक्त मला ठाऊक होतं.

"मंग मोजतोस कसा?" मी एकदा विचारलं.

"पायांनी. सांगू नको भाऊ, काम जाईल माजं."

तो कायम अनवाणी असायचा. प्रत्येक बार त्याच्या तळव्यांना कळायचा. ज्वालामुखी फुटण्याआधी जमीन बारीक हादरते आणि शास्त्रज्ञ ते यंत्रानं टिपतात, असं सर सांगत होते, तेव्हा त्यानं मला हळूच डोळा मारला.

*

सरांना त्याचे चिरलेले पाय बघवेनात. त्यांनी कल्याणहून जाड रबरी तळाचे बूट आणले. "घालायचेच, माझी शपथ आहे!"

सरांचा शब्द कोण मोडणार? दुसऱ्या दिवशी बाळाराम बूट घालून ऐटीत आला. मी बघितलं, हसलो आणि त्याची हजेरी मांडली. त्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आठ भोकं भरली. बार झाले. बाळारामनं आठ बोटं वर केली आणि कड्याकडे चालू लागला.

आठवा बार तो तिथं पोचल्यावर झाला. जाड तळातून दगड कोसळल्याचा हादराही त्यानं बार म्हणून मोजला असावा.

दहनाला सर आले होते. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "बूट तरी नीट बसले होते ना रे त्याला?"

"हो सर," मी म्हणालो. "अगदी नीट."