म्हशीची खाज आणि गुणवंतरावांचा विमा

सावली गावचे गुणवंतराव धानाची शेती करत आणि उरलेल्या वेळात गाडी पुसत. मुलाने पुण्याहून धाडलेली जुनी पांढरी गाडी त्यांना चालवता येत होती, फक्त मागे घेता येत नव्हती. त्यामुळे वर्षभरात गाडीने बसस्टँड आणि तळ्याची पाळ एवढंच जग पाहिलं होतं.

"नुसती उभी काऊन ठेवता?" म्हणत शेजारच्या देवरावने त्यांच्या मोबाइलात एक अ‍ॅप टाकून दिलं. आपली गाडी अनोळखी माणसाला एक-दोन दिवस चालवायला द्यायची, भाडं आपोआप खात्यात.

"अन् काई झालं तं?" त्यांच्या बायकोने, गुणाबाईंनी विचारलं.

"इन्शुरन्स हाये ना!" गुणवंतराव ऐटीत म्हणाले. पॉलिसी त्यांनी देवघरात ठेवली होती. वाचली मात्र नव्हती.

पहिलंच गिऱ्हाईक ऊर्जानगरचा प्रवीण. त्याला बायको आणि सासू-सासऱ्यांना मार्कंड्याच्या जत्रेला न्यायचं होतं. गाडी नदीकाठी लावून तो दर्शनाला गेला. परत येतो तर एक म्हैस गाडीला पाठ घासत उभी, अगदी मनसोक्त. दाराला भला मोठा पोचा, आरसा लोंबकळलेला आणि म्हशीच्या तोंडावर, प्रवीणच्या सांगण्यानुसार, पूर्ण समाधान.

"भाड्यानं देल्ली म्हणून सांगू नका," देवरावने सल्ला दिला. "घरच्या गाडीचा विमा भाड्याले चालत नाई. प्रवीण तुमचा भाचा होय, एवढंच सांगा."

विमा कंपनीकडून नुकसान पाहायला पायल मॅडम आल्या. प्रवीणही केसांना तेल लावून हजर होता.

"गाडी कोण चालवत होतं?"

"माहा भाचा," गुणवंतराव म्हणाले.

मॅडम प्रवीणकडे वळल्या. "मामांचं पूर्ण नाव?"

अ‍ॅपवर जे वाचलं होतं तेच प्रवीणच्या तोंडून निघालं, "गुणवंत... पांढरी, पेट्रोल, पाच शीट."

इतक्यात गुणाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"हा तुमच्या नणंदेचा मुलगा का?" मॅडमनी विचारलं.

"मले नणंदच नाई जी," गुणाबाई म्हणाल्या. "साखर घालू?"

मॅडमनी हसू आवरत पेन खाली ठेवलं. "भाऊ, ही पॉलिसी तुमच्यासाठी, घरच्यांसाठी, सहज मागून नेणाऱ्या मित्रासाठीही चालते. भाड्यानं दिली की नाही चालत."

"मंग आमचं वाटोळंच झालं?"

"बुकिंग अ‍ॅपवर झालं ना? मग अ‍ॅपवाल्यांचं वेगळं संरक्षण आहे का, त्यांना विचारा. पण तिथं भाचा सांगू नका. ते फक्त भाड्यानं नेणाऱ्यासाठी असतं."

गुणवंतरावांनी लगेच अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. तोवर गुणाबाईंनी प्रवीणला जेवायला बसवलं होतं.

"सर, चालक आपला नातेवाईक आहे का?" पलीकडून विचारलं गेलं.

"नाई जी! काईच लागत नाई! मी तं त्याले वळखतही नाई!" गुणवंतराव ओरडले. भातावर मासोळीचा रस्सा ओतून घेणारा प्रवीण मनातून दुखावला.

"अपघाताचं कारण?"

"खाज."

"काय, सर?"

"म्हशीले खाज सुटली जी."

पलीकडच्याने ते तसंच लिहून घेतलं. संरक्षण खरंच होतं, आणि दार नवीन बसलं. आरसा प्रवीणने स्वतः बसवून दिला, जरासा आभाळाकडे पाहणारा.

मग गुणवंतरावांनी चष्मा लावून पॉलिसी पहिल्यांदा वाचून काढली. वाचून ते इतके घाबरले की गाडी अ‍ॅपवरून उतरवली आणि गावात जाहीर करून टाकलं, ज्याला पाहिजे त्यानं फुकट न्यावी, पैशाचं नाव काढू नये.

परवा देवराव गाडी घेऊन मूलच्या बाजाराला जाऊन आला. येताना त्याने केळी आणली. गुणवंतरावांनी त्याला दारातच अडवलं.

"ने वापस! कंपनीनं हे भाड्यात धरलं तं?"

देवराव केळी घेऊन निघाला. गुणाबाईंनी त्याला मागच्या दाराने बोलावलं आणि घड ठेवून घेतला.