मागच्यालाही सांगा

रांगेतून बाहेर पडताना तो दोन माणसांच्या खांद्याला हात लावायचा. पुढच्याला सांगायचा, "तुमच्या मागे आता हे." मागच्याला सांगायचा, "तुमच्या पुढे आता ते." मगच निघायचा. रॉकेलच्या रांगेत ही रीत तुम्ही-आम्ही सगळेच पाळत होतो. पण हा कँटीनच्या रांगेत पाळायचा, बसच्या रांगेत पाळायचा, आणि माझा अंदाज असा की झोपेतही पाळत असणार. एकदा पंचवटीत लग्नाच्या पंगतीतून उठताना त्याने दोन्ही बाजूंच्यांची अशी ओळख करून दिली, की त्या दोघांनी पुढे पोरापोरींची सोयरीक जमवली. यातलं निम्मं खरं आहे. पंगत खरी.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात तो प्रोग्रामर म्हणून आला, तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गाव सटाणा, म्हणून आम्ही त्याला 'सटाणा'च म्हणायचो. बोलायचा शुद्ध, पण घाईत सापडला की अहिराणी बाहेर पडायची. मी प्लॅनिंगमध्ये, शेजारच्या खोलीत. वेळ काढून मी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसे, कारण तिथे एसी होता. इतका गार, की चहावर सायीऐवजी बर्फ धरायचा. मशीन लोखंडी कपाटाएवढं, आणि स्मरणशक्ती माझ्या मावशीच्या यजमानांएवढी: मोजकी, आणि तीही रुसणारी.

त्याला काम मिळालं ते आमच्या ऑर्डरींच्या रांगेचं. आधी ऑर्डरी तक्त्यात ओळीने बसायच्या. मध्ये एखादी तातडीची घुसली, की तिच्याखालची प्रत्येक ऑर्डर मशीन एकेक घर सरकवत बसायचं. तोवर मी घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून येत असे. सटाण्याने हा कारभारच मोडला.

"ऑर्डर मेमरीत कुठंही बसू दे," तो म्हणाला. "तिला फक्त दोन पत्ते माहीत पाहिजेत. पुढे कोन शे आणि मांगे कोन शे."

हे सगळं सी भाषेत लिहायचं होतं. ही भाषा तुमचं काहीही सांभाळून घेत नाही. जागा तुम्ही मागायची, पत्ता तुम्ही जपायचा, काम झालं की जागा तुम्हीच परत करायची. चुकलात तर ती ओरडतही नाही. नुसती बघत बसते.

विभागाचे साहेब पुण्याचे. ते म्हणाले, "दोन पत्ते कशाला? मेमरी म्हणजे काय गोदेचं पाणी आहे? आपल्या मागे कोण, एवढं कळलं की पुरे."

"साहेब, फोरमनला यादी शेवटाकडून बघायची असते. एकच पत्ता ठेवला तर उलटं कसं यायचं?"

साहेबांनी "करा" म्हटलं, पण पटलं म्हणून नव्हे.

सटाणा अजून प्रोबेशनवर होता. जनरल मॅनेजर प्रोग्राम बघणार आणि त्याला कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं होतं. त्यातच गावच्याच एका मुलीशी त्याची बोलणी चालली होती, आणि तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी कायम व्हा, मग सुपारी फोडू."

मॅनेजर आले. सटाण्याने मधली एक ऑर्डर रद्द केली आणि यादी सुरुवातीपासून दाखवली. ऑर्डर गायब! साहेबांनी श्रेय घेण्यासाठी टाय सरळ केला.

मॅनेजर म्हणाले, "आता शेवटाकडून."

यादी उलटी चढू लागली, आणि रद्द केलेली ऑर्डर मधोमध हजर. मेलेल्याने स्वतःच्या तेराव्याला जेवायला यावं, तशी.

साहेब घाईने म्हणाले, "सकाळपासून लाइट खालीवर होतेय. व्होल्टेजचा घोटाळा दिसतोय." पळवाट चांगली होती. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. वीज बिचारी उलट बोलत नाही.

सटाणा पडद्याकडे बघत होता. "व्होल्टेज नाही, साहेब. चूक मनी शे." मग भानावर येऊन शुद्धात म्हणाला, "माझी चूक आहे. ऑर्डर काढताना तिच्या पुढचीला सांगितलं, की तुझ्या मागे आता ही. मागचीला सांगायचं राहिलं. ती अजून जुन्याच पत्त्यावर जाते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जन्मभर दोन खांद्यांना हात लावणारा माणूस, आणि ऐन वेळी एक खांदा राहिला.

चूक एका ओळीची. त्याने ती ओळ तिथेच घातली, पण मशीन प्रोग्राम पुन्हा तयार करीपर्यंत मॅनेजर उठून गेले होते. प्रोबेशन वाढलं.

रविवारी तो एसटीने सटाण्याला गेला. निरोप धाडला नाही, स्वतः सांगायला गेला. सोमवारी मी विचारलं, "काय रे, मोडलं?"

"वडील म्हणाले, मग राहू द्या. मी उठलो. तर आतून तिनं विचारलं, 'चूक सापडनी का?' म्हटलं, सापडली, नीटही केली. तर म्हणाली, 'मंग अडचण काय शे?'"

"मग?"

"मग काय! वडील सुपारी शोधायला लागले."

दसऱ्याला कारखान्यात घरची माणसं येतात, मशीनची पूजा होते. त्या वर्षी नवी नवरी हळदकुंकू घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आली आणि थेट पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं.

साहेब ओरडले, "अहो वहिनी, काचेवर नको!"

"मंग याचं कपाळ कोठे शे?" तिने विचारलं.

साहेबांना दाखवता येईना. कुंकू राहिलं, आणि आमच्या ऑर्डरी त्या लाल ठिपक्याखालून वरखाली जात राहिल्या.

सटाणा पुढे कायम झाला, आणि काही वर्षांनी जास्त पगारावर दोघं बंगळूरला गेली. त्याच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी स्पिरिट लावून काच लख्ख पुसली. नंतर कितीतरी दिवस आम्हाला त्या पडद्यावरचं काही धड वाचता येईना.