डोंगरावर घातलेल्या कुरडया

भिजवलेला गहू थांबत नाही, हे माझ्या मुलाला पन्नाशी गाठली तरी माहीत नव्हतं.

गहू मी भिजवला होता नातीच्या साखरपुड्यासाठी, आमच्या भाषेत साक्षगंधासाठी. माझ्या मुलीची सासू, म्हणजे बाभुळगावच्या विहीणबाई, दरवर्षी माझ्या कुरडया खातात आणि दरवर्षी नाक मुरडतात. कधी जाड झाल्या, कधी काळ्या पडल्या, कधी दाताला लागल्या. यंदा साऱ्या पाहुण्यांसमोर त्यांचं तोंड बंद करायचं मी ठरवलं होतं. आणि नेमकी तेव्हाच दिलीपने, म्हणजे माझ्या मुलाने, डोंगरावर तंबूत राहायची सहल काढली.

"आई, सांगतलं होतं ना, शनिवारी जाऊन राह्यलो म्हणून. गहू कायले भिजवले?"

"गव्हाले काय माहीत शनवार? तुमी जा. मी घरीच बरी."

"एकटी नाही ठेवत तुले. मांगच्या खेपी न्हाणीत पडलीस."

(एकदा पडलं की माणूस जन्मभर पडलेलंच राहतं.)

मग काय, गहू वाटला, चीक काढला, डब्यात भरला आणि डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. पुसद मागे पडलं आणि घाट लागला. प्रत्येक वळणाला थोडी थोडी कुरडई माझ्या लुगड्यावर सांडत होती. दिलीप मागे न बघता म्हणाला, "आई, बाहेर पाहा, काय सीन आहे!" मी डब्याच्या झाकणाकडे पाहत होते.

वर जंगल, आणि जंगलात ग्रॅनाइटचे गोटे. एकेक घराएवढा, एकावर एक ठेवलेला, जणू कोणी बांधकाम काढलं आणि मिस्त्री पळून गेला. त्यांच्यामध्ये आमचे तंबू. आत रांगत शिरायचं, या वयात! आमच्याकडे ऊसतोडीवाले असे कापडात राहतात, त्याला कोणी सहल म्हणत नाही.

सकाळी मी चूल मांडायला तीन दगड गोळा केले, तर कॅम्पवाला धावत आला. चांगला मिशीवाला बाप्या होता.

"आजी, इथं चूल नाही पेटवता येत. वणवा लागंल."

"मंग चीक काय तुह्या डोक्यावर शिजवू?"

तो मला त्याच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. माझा चीक शिजेपर्यंत सगळ्या कॅम्पाचे पोहे अडले. लोक ताटल्या घेऊन दारात उभे. मी कोणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या.

आता कुरडया घालायला कापड हवं. धुऊन आणलेलं माझं पांढरं कापड दिलीपने गाडी पुसायला घेतलं होतं. घाटातल्या धुळीने ते लाल झालं होतं. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सून सुषमा शहाणी. ती म्हणाली, "आई, ताडपत्री मागून आनू का?"

"कायले? हा गोटा पाह्य कसा तापून राह्यला. असा तवा कोनाच्या बापाले भेटनार नाही."

"पन थेट दगडावर..."

"तू मले कुरोड्या शिकवू नको."

मी गोटाभर कुरडया घातल्या. काय दिसत होत्या! पांढऱ्याशुभ्र, बारीक. कॅम्पातल्या बायका फोटो काढू लागल्या. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळल्या. विहीणबाई डोळ्यांसमोर आल्या, तोंड मिटलेल्या.

काढायला गेले, तर निघेनात.

कापडावरची कुरडई निघाली नाही की कापड उलटायचं, मागून पाणी शिंपडायचं, अलगद सुटते. हे मी गल्लीतल्या साऱ्या सुनांना शिकवलं आहे. पण दगडाला मागची बाजू नसते. त्या गोट्याची मागची बाजू तर पाताळात होती.

मी वरूनच पाणी शिंपडलं. कुरडयांची खळ झाली आणि आणखी घट्ट बसली. उलथनं लावलं, ते वाकलं. दिलीप गाडीतला पाना घेऊन आला, तोच मिशीवाला हजर.

"साहेब, खडक खरडू नका. इथं नाव लिहिलं तरी दंड आहे."

"हे नाव नोहे बापा," मी ओरडले, "कुरोडी हाय!"

"मंग तर पुसाच लागंल, आजी."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत आम्ही तिघं घासण्या घेऊन गोटा घासत होतो. लोक पक्षी बघून परत आले, तरी आमचा गोटा पांढराच. सुषमा एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

परतताना पुसदच्या बाजारात गाडी थांबवली. पाकिटातल्या कुरडया घेतल्या, माझ्या डब्यात ओतल्या, पाकिटं तिथेच फेकून दिली. "कोनी बोललं तर पाहा," एवढंच गाडीत म्हटलं.

साक्षगंधाच्या पंगतीत विहीणबाईंनी कुरडई मोडली. चावली. दुसरी मागून घेतली. मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इतक्या वर्षांत यंदा जमल्या बाई तुमाले! लग्नालेही अशाच करजा."

दिलीप ताटात तोंड घालून हसत होता. सुषमा वाढायचं सोडून आत पळाली. मी इतकी वर्षं हात भाजून घेतले, आणि त्या बाईला चव लागली ती दुकानाची.

"करीन की," मी म्हटलं.

पुसद काही फार लांब नाही.