कापसाच्या खोलीतलं धावतं समालोचन

वडनेर भोलजीच्या निवृत्ती ढोल्यांना कुणी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, तर ते ‘शेती’ असं कधी सांगत नसत. शेती काय, सगळंच गाव करतं. ते म्हणत, “मी पटावर बोलतो.” पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आसपासच्या तीन तालुक्यांत कुठंही पट भरला, की माइक निवृत्तीभाऊंच्या हातात. असे ते तीस वर्षं बोलले. त्यातली सात-आठ वर्षं शर्यतींवर बंदी होती. पण ती बैलांच्या पळण्यावर होती, निवृत्तीभाऊंच्या तोंडावर नव्हती. ती वर्षं त्यांच्या बायकोनं, रेणुकाबाईंनी, घरात बसून ऐकली.

हे सगळं आता ते स्वतःच हसत सांगतात. तेव्हा मात्र त्यांची पक्की समजूत होती, की बैल पळतात ते निवृत्ती ढोल्याच्या आवाजामुळे. चारा-पेंड हे नुसतं निमित्त.

दोन वर्षांपूर्वी, कापूस नुकताच घरात येऊन पडला होता, तेव्हा रोहिणखेडहून एक भाऊ-बहीण मोटारसायकलवर त्यांच्याकडे आले. भाऊ धम्मरत्न, नागपूरच्या एका कंपनीचं संगणकाचं काम घरूनच करणारा. बहीण सारिका, मोताळ्याला बँकेत नोकरीला. सारिकाला जन्मापासून दिसत नाही.

“काका, लहानपणी बाबा मले पटाले न्यायचे,” सारिका खाटेवर बसत म्हणाली. “तुमचा आवाज मी अजून इसरली नाही.”

निवृत्तीभाऊंनी रेणुकाबाईंकडे असं पाहिलं, की बघ, जगात किंमत आहे.

मग सारिकानं काम सांगितलं. तिला मोबाइलवर खेळ खेळायचा भारी नाद. पण बहुतेक खेळ डोळस माणसांसाठीच केलेले. “खेळ उघडला की फोन म्हनते, बटन, बटन, बटन. कोनतं बटन, कायचं बटन, काही सांगत नाही. मंग मी धम्मूले म्हटलं, बे, तूच कर ना एक.” धम्मरत्ननं शंकरपटाचा खेळ केला होता. कानात हेडफोन घालायचा. बैल डावीकडे सरकले की डाव्या कानात त्यांच्या गळ्यातली घागरमाळ वाजते, मग उजव्या अंगठ्यानं उजवा कासरा ओढून जोडी सरळ करायची. खेळ चालत होता, पण पटावर आल्यासारखं वाटत नव्हतं. पटावरचा आवाज हवा होता. बैल कुठं चाललेत, हे सांगणारा.

निवृत्तीभाऊंनी त्यातलं ‘आवाज हवा’ एवढंच ऐकलं. पुढचं वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचायला आणखी दहा दिवस लागले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार. “अवो, फोटो नाही काढून राह्यले,” रेणुकाबाई म्हणाल्या. त्यांनी दुर्लक्ष केलं. धम्मरत्न घरभर टाळ्या वाजवत फिरत होता. कुठं पत्रा घुमायचा, कुठं शेजारची पिठाची गिरणी ऐकू यायची. कापसाच्या खोलीत मात्र टाळी वाजली आणि तिथंच विरली. “काका, याच्याहून चांगला स्टुडिओ नागपुरातबी नाही,” तो म्हणाला. मग निवृत्तीभाऊ कमरेपर्यंत कापसात बसून तीन दुपारी बोलले. सदऱ्याला कापूस चिकटून पाठमोरे ते मेंढीसारखे दिसत होते, असं रेणुकाबाई अजून सांगतात.

बोलले मात्र झकास. “आली, आली, आली! ढगातून वीज सुटावी, धनुष्यातून बाण सुटावा, दिवाळीले माहेरच्या वाटेनं सासुरवाशीण सुटावी, तशी ही जोडी सुटली! अशा या मंगल प्रसंगी व्यासपीठावर उपस्थित असलेले, आपल्या सर्वांचे लाडके, माननीय सरपंच भगवंतराव यांचं मी...”

आठवड्यानं भाऊ-बहीण परत आले. सारिकानं फोन आडवा धरला, हेडफोन घातला, खेळ सुरू केला. जोडी सुटली, आणि विसाव्या पावलाला मैदानाच्या बांबूंत घुसली. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा बांबू. नऊ वेळा.

“सवय नसंन तुले,” निवृत्तीभाऊ मोठ्या मनानं म्हणाले.

“काका, राग नका मानू,” सारिका म्हणाली. “बैल विजेसारखे सुटले, हे समजलं. पन गेले कुठी? तुमी सांगतच नाही. आन् तुमच्या आवाजाखाली घागरमाळबी ऐकू येत नाही.”

“तीस वर्सं लोकं माह्या बोलन्यावर टाळ्या वाजवून राह्यले, पोरी. कोनाची तक्रार नव्हती.”

“लोकाइले बैल दिसत होते, काका.”

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. टोमणा असता तर निवृत्तीभाऊंनी परतवला असता. टोमण्यांचा साठा त्यांच्याकडे बक्कळ होता. त्याऐवजी ते पाणी प्यायला उठले आणि भाऊ-बहीण जाईपर्यंत पाणीच पीत राहिले.

दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. गल्लीत बातमी पसरली, की ढोल्यांच्या घरी कुणीतरी आजारी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लोटलं, डोळ्यांवर दुपट्टा करकचून बांधला, आणि धम्मरत्ननं मोबाइलवर टाकून दिलेला खेळ सुरू केला. जोडी सुटली. कानात त्यांचाच आवाज दणाणला. डावीकडं काहीतरी किणकिणल्यासारखं झालं, पण तेवढ्यात वीज चमकली, बाण सुटला, सासुरवाशीण निघाली. निवृत्तीभाऊ अंगठे दाबत होते, पण कोणता कासरा ओढावा काही कळेना. “अबे, कुठी चालले ते सांग ना!” ते स्वतःवरच ओरडले. आतला निवृत्ती शांतपणे सरपंचांचं स्वागत करत राहिला. भगवंतरावांच्या नावावर जोडी बांबूंत गेली.

दुपट्टा सोडला, तर दारात रेणुकाबाई उभ्या.

“किती खेप पडले?” त्यांनी विचारलं.

“चौदा खेप पडलो.”

“मी तीस वर्सं ऐकून राह्यली. मले कानाले बांधाले नाही कोनी दुपट्टा दिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीभाऊंनी स्वतः रोहिणखेडला फोन लावला. आणि पुढचे पंधरा दिवस, त्यांच्या भाषेत, त्यांची ‘छाटणी’ झाली. सारिका फोनवर एकेक शब्द तपासायची. “‘डावीकडे’ लई लांब होते, काका. तुमचा ‘डे’ येईस्तोवर बैल पार. ‘डावा’ म्हना.” ‘डावा’ वाचला. ‘उजवा’ वाचला. ‘सरळ’, ‘शंभर पावलं’, ‘मागून जोडी’, ‘हाण’ वाचले. वीज गेली, बाण गेला, सासुरवाशीण पुन्हा सासरी गेली. निवृत्तीभाऊंनी ‘माननीय’ या शब्दासाठी अर्धा तास भांडण केलं.

“माननीय कोन, काका?”

“कोनीबी.”

“मंग बैल म्हना.”

शेवटी तीस वर्षांच्या कारकिर्दीतून सतरा शब्द उरले. ते त्यांनी त्याच कापसात बसून, शिंका आवरत, पुन्हा रेकॉर्ड केले. सतरा शब्दांना दोन दुपारी लागल्या, कारण ‘डावा’ म्हटल्यावर गप्प बसणं हे त्यांना ‘डावा’ म्हणण्यापेक्षा अवघड जात होतं. एक सवलत तेवढी त्यांनी रडून-भेकून मिळवली. शर्यत संपल्यावर, जेव्हा कुणाचंच काही बिघडणार नाही तेव्हा, त्यांचं मूळ भाषण पूर्ण वाजतं. नको असेल त्याला ते बोटानं बंद करता येतं.

खेळ लोकांपर्यंत गेला. फार नाही, पण काहीशे माणसं खेळू लागली. महिन्यानं निवृत्तीभाऊंनी धम्मरत्नला हळूच विचारलं, “भाषन किती लोकं ऐकते?”

“शंभरातले सत्त्याण्णव बंद करतात, काका.”

“उरले तीन. त्यातला एक मी,” निवृत्तीभाऊ म्हणाले. “दुसऱ्याचा फोन अडकला असंन. तिसऱ्याचा पत्ता मिळते का पाह्य.”

पण एके दिवशी लोणारहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्यांचं किराणा दुकान होतं, आणि दहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. “तुमच्या ‘उजवा’वर मी माह्या लहान्या भावाले हरवलं,” ते म्हणाले. “तीन खेप. त्याले दिसते हो!” आणि ते खदखदून हसले. निवृत्तीभाऊ ‘बरं’ म्हणाले. नुसतं ‘बरं’. रेणुकाबाईंनी फोन झाल्यावर त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या हिवाळ्यात गावाजवळ पट भरला. सारिकाही आली होती. निवृत्तीभाऊंनी माइक हातात घेतला, आणि ती ऐकत असणार म्हणून पहिल्या जोडीपासून नुसतं सांगत सुटले: डावी पुढं, उजवी एक हात मागं, डावी सरकली, उजवी आली. सारिका टाळ्या वाजवत होती. बाकीचं मैदान चुळबुळत होतं. सरपंचांचं नाव आलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत आयोजकांपैकी एक जण जवळ आला. “निवृत्तीभाऊ, तब्येत बरी नाही का? आज काहीच बोलून नाही राह्यले तुमी.”

दुपारनंतर माइक दुसऱ्या एकाकडे गेला. तो शेरोशायरी म्हणत होता, आणि लोक खूश होते. निवृत्तीभाऊ खाली येऊन बसले. एका बाजूला सारिका, तिच्या पलीकडे रेणुकाबाई. राग आला, हे ते नाकारत नाहीत. चहा होईपर्यंत राहिला, एवढंच. मग ते सारिकाच्या कानाशी हळू आवाजात सांगू लागले.

शेवटच्या फेरीच्या जोड्या सुटल्या. निवृत्तीभाऊ दोन वेळा ‘डावी’ म्हणाले आणि एकाएकी थांबले. आजवर पटावर त्यांचे डोळे पाहुण्यांच्या यादीवर असायचे, आणि आज सकाळी नुसते कोण पुढं यावर. जोड्या अशा मान खाली घालून, जमिनीला चिकटून येतात, हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

“काका, बोला ना!” सारिकानं त्यांचा दंड हलवला.

“थांब वं पोरी, पाहून राह्यलो मी!”

जोड्या समोरून धडधडत गेल्या, मैदान उठून उभं राहिलं, आणि निवृत्तीभाऊ पाहतच राहिले. सारिका दुसऱ्या बाजूला वळली.

“काकू?”

“उजवी आली,” रेणुकाबाई म्हणाल्या. “एका मुंडीनं.”