जाऊबाईंच्या पायाची बोटं

ताडकळसच्या बाजाराचा दिवस होता. निजाम हटला ती पोलीस ॲक्शन होऊन दोन-चार वर्षं झाली असतील... माझी थोरली जाऊ गोदा पोट धरून चुलीपुढंच आडवी झाली.

बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडं खाली उतरली, अंगात ताप. सासूबाई म्हणाल्या, बेंबी सरकली, एरंडेल पाजा अन् पोट चोळा. डॉक्टर बाजाराला आला होता म्हणून थोरले दीर त्याला घेऊन आले, नाहीतर चोळूनच मारली असती तिला.

पण आमच्यात तेव्हा गोषा. सुनेच्या पोटाला परका पुरुष हात लावणार कसा... सासूबाईंनी दाराला पडदा लावून डॉक्टरला ओसरीवर बसवलं. पोट दाबायचं काम माझ्यावर आलं. शाळा मी नुसती बाहेरून पाहिलेली.

तो सांगायचा, मी करायची. हळू दाब... आता एकदम सोड. सोडताना दुखलं का?

"न्हाई," गोदा म्हणाली. सासूबाई उशाशी बसलेल्या, दुसरं काय म्हणणार ती... पण हात सोडला तशी तिच्या पायाची बोटं मुडपली होती.

"डॉक्टर, खोटं बोलायली ती. लय दुखायलंय."

सासूबाईंनी डोळे वटारले. वटारू दे म्हटलं.

पोट फळीसारखं कडक झालंय का, त्यानं विचारलं. मी सांगितलं, बाकी मऊ हाय. मग म्हणाला, अपेंडिक्स सुजलंय, फुटलेलं दिसत नाही. कापायला लांब न्यावं लागेल, आधी पेनिसिलिनच्या सुया देऊन बघू. चोळायचं नाही, एरंडेल नाही. ताप चढला किंवा पोट कडक झालं तर लगेच गाडी जुंपा.

सुया द्यायला त्यानं आपला कंपाउंडर गावात ठेवला. सुईच्या वेळी गोदाचा नुसता दंड पडद्याबाहेर जायचा. गाडी अंगणात तयार उभी, बैल शेजारीच बांधलेले... रोज सकाळी मी पोट दाबायची. दुखत न्हाई, हे ती रोजच म्हणायची.

एका सकाळी हात सोडला अन् बोटं हललीच नाहीत. तापही उतरला होता. दिरांनी गाडीचे बैल सोडले.

दुखणं परत येऊ शकतं, असं डॉक्टर सांगून गेला होता. आलं नाही, त्या सुयांचे उपकार. गोदा पुढं पुष्कळ जगली, अन् माझ्याशी पुष्कळ भांडली. पण पोटात जरा कळ आली की भांडण तसंच टाकून यायची, समोर आडवी व्हायची... "दाब गं."

मी दाबायची. अन् तिच्या पायांकडं बघायची.