ब्रेकचं काम

हिवरा आश्रमजवळ आमच्या शेताला लागून एका बाईचं भाजीचं शेत आहे. आपल्या छोट्या ट्रॅक्टरची सगळी दुरुस्ती ती स्वतःच करते. गावातल्या मिस्त्रीवर तिचा भरवसा नाही, आणि शोरूमचं नाव काढलं की ती 'हो' म्हणायचं म्हणून नुसतं "हाव" म्हणते आणि पाना उचलते.

मागे माझ्या ट्रॅक्टरचा ब्रेक एका बाजूला ओढू लागला. शोरूमचा माणूस आठवडाभर येणार नव्हता, म्हणून मी तिला बोलावलं. तिनं वाकून पेडल हातानं दाबून पाहिलं.

"भाऊ, इंजिनचं काम असतं तं आत्ताच खोललं असतं. दुसऱ्याच्या ब्रेकले मी हात नाही लावत."

"तुमच्या ट्रॅक्टरचे तर तुम्हीच बसवता."

"त्याच्यावर मीच बसते ना."

एवढं बोलून तिनं माझ्या ट्रॅक्टरची चावी काढून पदराला बांधली आणि तो आठवडा माझ्या शेतात स्वतःचा ट्रॅक्टर फिरवला. चावी अशी काढून नेली, ते मला जरा लागलंच.

शोरूमचा माणूस आला, तेव्हा ती मागे उभी राहून त्याचं काम पाहत होती. तो हात पुसू लागला तशी म्हणाली, "दादा, माह्याही ट्रॅक्टरचे ब्रेक पाहून द्या. सुनेले चालवाले शिकवून राह्यली मी."